कसरीने खाल्लेलं अक्षर

आमच्या घराण्यातला एक पुरुष पानपतावर पडला आणि त्याबद्दल पेशव्यांनी आमच्या घराला जमीन इनाम दिली. ही गोष्ट मी पहिल्यांदा केव्हा ऐकली ते सांगता येणार नाही. ती माहीत नव्हती असा काळच मला आठवत नाही. मोसम खोऱ्यातल्या आमच्या गावी सुट्टीत गेलं की रात्रीची जेवणं आटोपल्यावर तात्या ओट्यावर बसून ती सांगायचे. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गोष्टीत तपशील फार नव्हते. एक घोडा, एक तलवार, मागे राहिलेली बाई, तिच्या कडेवरचं पोर आणि पुण्याहून आलेला कागद. सोयरिकीच्या बैठकीत घराण्याची विचारपूस निघाली की तात्यांचा आवाज जरा चढायचा : "आम्ही पानपतवाले."

तो कागद खरोखरच होता. माळ्यावरच्या शिसवी पेटीत, तांबड्या खारव्यात गुंडाळलेला. दसऱ्याला विळे, कोयते आणि नांगराचा फाळ यांच्या शेजारी ते दप्तर चौरंगावर मांडलं जायचं. त्याला हळदकुंकू वाहायचं, वर आपट्याचं पान ठेवायचं आणि पुन्हा पेटीत. उघडून वाचलं मात्र कोणी नव्हतं. घरात मोडी वाचणारे शेवटचे म्हणजे माझे पणजोबा. त्यांच्यानंतर कागद होता आणि गोष्ट होती, पण कागदातून गोष्टीकडे जायची वाट बंद झाली होती.

वडील गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माळ्यावरची कौलं सरकली आणि पेटीत पाणी गेलं. मी गावी पोहोचले तेव्हा खारवा ओला होता आणि त्याचा तांबडा रंग कागदाच्या कडांना लागला होता. दप्तर नाशिकला नेते म्हटलं तर तात्या नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बेटा, वाच आणि मला सांग. किती दसरे नुसती पूजाच केली."

ओल्या कागदाचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या कागदांचं काम केलेल्या एकांना फोन केला. त्यांनी आधी काय करायचं नाही ते सांगितलं : उन्हात टाकायचे नाहीत, इस्त्री फिरवायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर स्वप्नातही नाही. खाली-वर टीपकागद घालायचा, त्यावर सपाट फळी आणि थोडं वजन ठेवायचं, टीपकागद रोज बदलायचा. आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरं काही मांडलं नाही. खारव्यात एकूण तीन कागद निघाले, एक मोठा शिक्क्याचा आणि दोन लहान. चिंध्यांच्या लगद्याचा तो हातकागद भिजूनसुद्धा फाटला नाही. त्याच पेटीतली आजोबांच्या काळातली, गिरणीच्या कागदावरची एक पावती मात्र उचलताच हातात चुरा होऊन आली.

मोठ्या कागदाला कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीने, भोकं पाडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. शिवाय वरची घडी नेमकी तारखेच्या ओळीवरून गेली होती आणि तिथे कागद झिजून पारदर्शक झाला होता. मी सकाळच्या कोवळ्या उजेडात, खिडकीतून प्रकाश आडवा येईल असा कागद ठेवून त्याचे फोटो काढले. आडव्या प्रकाशात शाई पुसली गेलेल्या जागीही बोरूचा ओरखडा दिसतो. माझ्या घराण्याचा हा सगळा इतिहास मला तोवर डोळ्यांना दिसत होता, पण एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मग रविवारचा मोडीचा वर्ग. आमच्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. वर्गात पंचवीसेक जण, त्यातले बरेचसे कामासाठी आलेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना तालुक्या-तालुक्यांतून बोलावणी येऊ लागली होती. बाईंनी पहिल्या दिवशी कोणाला काही वाचायला दिलंच नाही. बोरू तासायला दिला. कागदावर डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचं. बालबोधीत आपण अक्षर लिहितो आणि मग त्याच्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधी. हा एवढासा फरक हाताला कळला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की ही लिपी घाईतल्या माणसांची आहे, दिवसाला शंभर पत्रं काढणाऱ्या कारकुनांची.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काही अक्षरं बाराखडीत गेली की रूपच बदलतात. त्यात कारकुनांनी केलेले संक्षेप : मौजेचं मौ॥, राजश्रीचं रा॥. म्हणून अक्षरओळख महिन्याभरात होते, पण वाचन होत नाही. वाचनासाठी कागदात काय लिहिलेलं असू शकतं ते आधी माहीत असावं लागतं, आणि खरी जोखीम तिथेच आहे. बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या : आधी अक्षर, मग शब्द, मग अर्थ. लागलं नाही तर तिथे टिंब द्या, भरू नका.

मी सरावासाठी छापील साधनं वाचायला घेतली. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं गोळा केली. १९२६च्या अखेरीस ते गेले तेही आमच्याकडच्याच धुळ्यात. त्यांनी १८९८ साली छापलेला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा आहे, म्हणजे पानिपताच्या दिशेने सरकत जाणाऱ्या वर्षांचा. मी तो रात्री-रात्री वाचला. त्या पत्रांची भाषा कानात बसली. 'दिल्हे', 'जाहले', 'मशारनिल्हे', 'बहुत काय लिहिणे'. लढाईत माणूस पडला की ते लोक 'मेला' असं सहसा लिहीत नाहीत. 'कामास आला' असं लिहितात. हे दोन शब्द मी वहीत वेगळे उतरवून ठेवले. आता कळतं की त्या रात्रीच मी आमच्या कागदात ते शब्द शोधू लागले होते.

चौथ्या महिन्यात मोठा कागद वाचायला घेतला. पहिली ओळ 'श्री'. मग ती झिजलेली तारखेची ओळ. तिच्यात तीन प्रकारे वर्ष दिलं होतं, आणि हे जुन्या कागदांत नेहमीचंच. शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, आणि सुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. सुहूर सन अंकांत नसतो, अरबी संख्यानामांत असतो : इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अशर दहा, सितैन साठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सूर्य मृगात गेला की वर्ष बदलतं. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

आमच्या कागदावर शके १६ दिसत होतं, पुढचा अंक घडीत गेलेला, आणि शेवटी २. संवत्सराचं 'विक्र' एवढंच उरलेलं. सुहूर सनात 'इहिदे', मग 'स' आणि शाईचा डाग, मग 'मया व अलफ'. महिना मात्र स्वच्छ : माघ शुद्ध दशमी.

पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ला झालं. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ. हे सगळं मला तोंडपाठ झालेलं होतं. शके १६, मग ८, मग २. विक्र, म्हणजे विक्रम. स, म्हणजे सितैन. तिन्ही जागी जे बसायला हवं होतं तेच बसलं. माझे हात थरथरत होते. मी पुढे गेले तर सातव्या ओळीत : 'यांचे वडील पाणीप', मग कसरीचं भोक, मग 'चे कामास आले'.

कामास आले!

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तात्यांना फोन लावला. उचलल्यावर त्यांना पहिल्यांदा वाटलं काहीतरी वाईट बातमी असावी. मी ओळ वाचून दाखवली, दोनदा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझा बाप असायला पाहिजे होता." दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना कळलं होतं. चुलतभावाने फोटो मागवून घेतला. तो मोठा करून चौकटीत बसवायचा बेत झाला.

रविवारी मी वर्गात सर्वांत आधी पोहोचले. बाईंनी माझं लिप्यंतर पाहिलं, मग फोटो पाहिला, बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, "या भोकात काय होतं?"

"त," मी म्हटलं. "पाणीपतचे."

"भोकात 'त' दिसतो का तुला?"

दिसत नव्हता. भोकात पलीकडच्या टेबलाचं लाकूड दिसत होतं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तीन प्रश्न समासात लिहिले. पहिला : पानिपताहून परत यायलाच माणसांना किती दिवस लागले, पौषात युद्ध आणि माघात इनामपत्र, म्हणजे एका महिन्यात? दुसरा : लढाईत पडलेल्याबद्दल 'पाणिपती कामास आले' असं लिहितील, 'चे कामास' असं कशाला लिहितील? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी फक्त कागदाच्या अगदी तळाच्या ओळीखाली रेघ मारली. तिथे होतं : 'जाणिजे छ ९ सवाल'.

ती ओळ मी वाचली होती, लिप्यंतरात उतरवलीही होती, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पेशवाईतल्या कागदांवर मराठी महिन्याबरोबर मुसलमानी चंद्रमासाची तारीखही असते. 'छ' म्हणजे चंद्र, त्या महिन्यातला चंद्राचा दिवस. मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. आपले महिने आणि हे महिने दोन्ही चंद्राचेच, म्हणून दोन्ही जोडीजोडीने चालतात. पण आपण साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिकमास घालतो, ते घालत नाहीत. प्रत्येक अधिकमासाला जोडी एका घराने सरकते. म्हणून कुठला मराठी महिना कुठल्या चंद्रमासाशी जोडलेला आहे हे कळलं की वर्ष पकडता येतं.

त्या रात्री मी वहीत मांडलं. पानिपतच्या वर्षी पौषाची जोडी जमादिलाखरशी. म्हणजे पुढच्या माघाची रजबशी. आमच्या कागदात माघ शुद्ध दशमीला सवाल महिना चालू आहे. रजब, साबान, रमजान, सवाल : तीन घरं पुढे. तीन घरं म्हणजे मध्ये तीन अधिकमास. तीन अधिकमास म्हणजे दहा वर्षांच्या आसपास.

दहा वर्षं पुढे शके १६९२. जुन्या तारखांची जंत्री उघडली. शके १६९२चं संवत्सर विकृती. सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ. माघाची जोडी सवालशी.

विक्रम आणि विकृती. सितैन आणि सबैन. १६८२ आणि १६९२. घडीने खाल्लेल्या प्रत्येक जागी दोन्ही वर्षं सारखीच बसत होती, आणि मी तिन्ही वेळा माझ्या गोष्टीचं वर्ष निवडलं होतं. जुन्या लेखनात 'विकृती' पुष्कळदा 'विक्रुती' असंच लिहिलेलं दिसतं हेही मला माहीत होतं. कागद जानेवारी १७७१च्या शेवटच्या आठवड्यातला होता. पेशवा माधवराव. पानिपताला दहा वर्षं उलटून गेलेली.

मग मी सातव्या ओळीकडे परत आले. या वेळी बाईंनी सांगितलं तसं केलं : कोऱ्या कागदावर एकेक अक्षर नुसतं उतरवलं, शब्द न करता. 'प'च्या पुढची जी रेघ मी भोकातल्या अक्षराची समजत होते ती 'प'चाच काना होता. पा. भोकाच्या उजव्या काठावर दुसऱ्या कान्याचं टोक शिल्लक होतं. पाणी पा-अमुकाचे. आणि पुढच्या ओळींत, ज्या मी उत्साहात भरभर वाचून काढल्या होत्या, त्यांत बंधारा होता, चारी होती, पुराचं पाणी होतं.

पाणी पाटाचे कामास आले.

कोणी पडलं नव्हतं. एक माणूस पाटाच्या कामाला आला होता.

सगळा मजकूर नीट लागायला आणखी सहा आठवडे गेले. तात्पर्य असं : नदीला पूर येऊन बंधारा फुटला, पाट गाळाने भरला, फडांची, म्हणजे पाटाखालची, जमीन पड राहिली, सरकारचा वसूल बुडाला. गावकऱ्यांनी बोलावल्यावरून यांचे वडील कामास आले, पदरचा पैसा घालून बंधारा बांधला, 'पाट व चारी व सारंग दुरुस्त केले', आणि पाणी पूर्ववत चालू झालं. म्हणून मुलाला दहा बिघे जमीन पडीपैकी इनाम, पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने. शेवटी नेहमीचा मजकूर : दरसाल नवीन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रत लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणे. असल पत्र परतोन देणे! म्हणूनच ते आमच्या पेटीत होतं. एका कारकुनाने सवयीने लिहिलेल्या त्या वाक्याने दोन-अडीचशे वर्षं आमच्या घरात कागद ठेवला होता.

एक शब्द मात्र लागत नव्हता, 'सारंग'. अक्षरं स्वच्छ होती, शंका नव्हती. पण सारंग म्हणजे गलबतावरचा अधिकारी, किंवा राग. कोशात पाहिलं, वर्गात विचारलं. बाई म्हणाल्या, कदाचित माणसाचं नाव असेल. मी त्यापुढे टिंब दिलं. भरलं नाही.

लहान कागदांपैकी एकावर इंग्रजी शेरा होता. तो १८५०च्या दशकातली नक्कल निघाली. इंग्रजांनी १८५२च्या कायद्याखाली इनामांची चौकशी चालवली तेव्हा ज्याच्या त्याच्यावर आपला कागद दाखवायची वेळ आली होती. त्याचा माग काढायला मी पुण्याच्या पुरालेखागारात दोन दिवस जाऊन बसले. कपड्यात बांधलेले रुमाल, त्यांवर परगण्यांची नावं, एकेका रुमालात शेकडो कागद. पेशव्यांचं दप्तर आज शाबूत आहे त्याचं एक मोठं कारण या इनाम चौकशा आहेत; कोणाची जमीन खरी इनाम आणि कोणाची खोटी हे ठरवायला सरकारला ते कागद लागत होते. मला आमच्या घराबद्दल तिथे काही सापडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या परगण्यातले चार कागद वाचले, आणि त्यांतल्या दोघांत बंधाऱ्याच्या दुरुस्तीबद्दल जमीन दिलेली होती. आमचा कागद एकटा नव्हता.

आता तात्यांना सांगायचं राहिलं होतं. मी दोन महिने टाळलं. फोनवर ते विचारायचे, पुढे काय लागलं, आणि मी म्हणायची, चाललंय. घरात चौकटीला काच बसली होती. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून त्याचा पानपत काढून घ्यायचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. आणि दुसऱ्या बाजूला तो माणूस होता, ज्याने खरोखर काहीतरी केलं होतं. पुराच्या पाण्यात उभं राहून दगड बसवले होते. त्याचं ते काम आम्ही दसऱ्यामागून दसरे एका न झालेल्या मरणाखाली झाकून ठेवलं होतं. त्याच्याही बाजूने कोणी बोलायला हवं होतं, आणि त्याचा कागद वाचलेली मी एकटीच होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावी गेले. संध्याकाळी ओट्यावर तात्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भोक, काना, सवाल महिना, विकृती. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी मी सातवी ओळ नीट वाचून दाखवली.

"पाटनं पानी?" ते एवढंच म्हणाले. तात्या माझ्याशी बहुतेक मराठीत बोलतात. अहिराणी त्यांच्या तोंडून आपोआप निघाली. मग ते उठून आत गेले आणि जेवायलाही लवकर बसले नाहीत.

पहाटे त्यांनी मला हाक मारून उठवलं. हातात काठी, पायात वहाणा. "चल," म्हणाले. कागदाची प्रत घ्यायला सांगितलं.

आमच्या गावाला अजून फड आहेत. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून एका काठाने पाट निघतो आणि त्याखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांचं पीक एकच; एका वर्षी या फडात ऊस, दुसऱ्या वर्षी त्या फडात. पाण्याचं दार शेतकऱ्याने स्वतः उघडायचं नाही. पाटाची निगा पाटकरी राखतो, पिकाला पाणी बारेकरी देतो, राखण जागल्या करतो, आणि त्यांना पीक निघाल्यावर मोबदला. वर हरणबारीचं धरण झालं, विहिरी झाल्या, मोटारी आल्या, कांदा आणि डाळिंब आलं. फडांचा पूर्वीचा जोर राहिला नाही. पण बंधारा आहे, आणि पावसाळ्यानंतर पाट वाहतो. मी लहानपणी त्यात पाय सोडून बसायची. तो कोणी बांधला असेल असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नदीसारखा तो होताच.

तात्या बंधाऱ्याच्या टोकाशी उभे राहिले. पाणी दगडांवरून पातळ होऊन खाली पडत होतं. खालच्या थरांचे दगड मोठे आणि काळे, वरचे लहान. मधल्या एका पट्ट्यात चुन्याचा रंग वेगळा दिसत होता. ते त्या पट्ट्याकडे बघत राहिले. तो १७७०च्या आसपासचा आहे की नंतरचा, हे मी सांगू शकत नव्हते, आणि त्यांनी विचारलंही नाही.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. पाण्याच्या आवाजात मला मोठ्याने वाचावं लागलं. बंधारा फुटोन, पाट गाळाने भरोन, जमीन पड राहोन. त्या फुटोन-भरोनवर ते मान हलवत होते, जणू काल-परवाची बातमी ऐकत होते. 'पदरचा पैका खर्चून' आलं तेव्हा त्यांनी थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग 'पाट व चारी व', आणि मी अडखळले.

"पुढे एक शब्द आहे तात्या, तो लागत नाही. सारंग असं दिसतंय. बाई म्हणतात कोणाचं तरी नाव असेल."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काहीच न बोलता पाटाच्या काठाकाठाने चालायला लागले. मी मागे. पाटातून फुटणारी चारी आली तिथे वळले, चारीच्या कडेने उसाच्या फडात शिरले आणि पन्नासेक पावलांवर थांबले. तिथे चारीतून हातभर रुंदीची नळी फुटून एका वावरात जात होती. तोंडाशी गवत आणि माती साचून ती अर्धी बुजली होती. तात्यांनी काठीच्या टोकाने माती बाजूला सारली. पाणी क्षणभर अडखळलं आणि मग त्या नळीने उसाच्या सरीत उतरलं.

"हे सारंग," ते म्हणाले. "चारीतून वावरात पाणी नेतं ते. लिही."

मी प्रतीवरचं टिंब पेन्सिलीने खोडलं आणि लिहिलं. तात्या खाली वाकून हाताने उरलेला गाळ काढत होते.